जुनी पण चालू मोटरसायकल विकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात अजूनही वाड्याच्या बोळात, बंगल्यामागच्या शेडमध्ये, सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एखादी येझदी, बुलेट किंवा राजदूत उभी असते. कधी ती रोज चालते, कधी फक्त रविवारी सकाळी. मग घर बदलतं, गुडघे दुखू लागतात, मुलं परदेशी जातात आणि गाडी विकायचा विषय निघतो. मी स्वतः अशा गाड्या चालवतो, हाताने दुरुस्त करतो आणि ओळखीच्यांना त्या विकायला मदत करतो. त्या निमित्ताने लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सरकारी शुल्कं बदलत असतात, म्हणून अर्ज भरताना परिवहन पोर्टलवरचा आकडाच खरा धरा.

१. माझ्याकडे १९८९ ची आरएक्स १०० आहे. तिला ‘व्हिंटेज’ म्हणता येईल का?

बोलण्यात म्हणा, कागदावर नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत बसते. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या साठच्या दशकातल्या जावा, सत्तरीच्या सुरुवातीच्या बुलेट आणि येझदी यांचं वय भरतं. आपल्या आकुर्डीची चेतक १९७२ ची, तिच्या पहिल्या काही वर्षांच्या गाड्यांनीही पन्नाशी ओलांडली आहे. आरएक्स १०० आलीच १९८५ च्या शेवटी, म्हणजे २०३५ उलटेपर्यंत तिच्यातली एकही गाडी या नियमात बसणार नाही.

विक्रीसाठी हा शब्द मुळीच अडत नाही. जाणकार घेणारा ‘व्हिंटेज’ वाचून येत नाही. तो मॉडेल, साल आणि ‘पेपर क्लिअर’ एवढं वाचून येतो. पन्नाशी पार केलेल्या गाडीची वेगळी नोंदणी करावी का, याचं उत्तर प्रश्न १६ मध्ये आहे.

२. ‘चालू कंडिशन’ असं लिहायला गाडी कितपत चालू हवी?

सगळ्यात जास्त भांडणं या दोन शब्दांवरून होतात. विकणाऱ्याच्या मनात असतं, ‘किक मारली की सुरू होते’. घेणाऱ्याच्या मनात असतं, ‘बसून घरी नेता येईल’. दोघांत एका इंजिनाच्या कामाइतका फरक पडू शकतो.

माझा निकष सांगतो. रात्रभर उभी असलेली, थंड गाडी चार-पाच किकमध्ये सुरू व्हावी. चोक काढल्यावर तिने आयडलिंग धरावं. सगळे गिअर पडावेत, क्लच घसरू नये, दोन्ही ब्रेक लागावेत, दिवे आणि हॉर्न चालावेत. आणि वीस-पंचवीस किलोमीटर न थांबता जाऊन, गरम इंजिनावर ती पुन्हा सुरू व्हावी. ही शेवटची कसोटी बहुतेक जण घेत नाहीत. थंड असताना छान चालणारी टू-स्ट्रोक गाडी कात्रजचा घाट चढून थांबवली की पुन्हा सुरूच होत नाही, असं अनेकदा होतं. तेव्हा कॉइल, कंडेन्सर किंवा क्रँकच्या ऑइल सीलकडे बघावं लागतं.

धुराबद्दलही खरं काय ते सांगा. टू-स्ट्रोक गाडी सकाळी पहिला धूर सोडणारच, तो दोष नव्हे. पण धूर दाट असेल, थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं सील गेलं आहे आणि इंजिन ते ऑइल ओढून जाळतं आहे. बुलेट फोर-स्ट्रोक, तिच्यातून निळसर धूर येत राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड तपासून घ्या. सहा व्होल्टच्या गाडीचा दिवा आयडलिंगला मंद होतो, ती त्या वायरिंगची मर्यादा आहे. घेणाऱ्याला हे आधीच सांगितलं तर तो त्यावरून भाव पाडत नाही.

गाडी काही महिने उभी असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. त्याने टाकी आतून गंजते, आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात किंवा कडक होतात. नवी नळी, साफ केलेला कार्ब्युरेटर आणि नवा प्लग एवढ्यावर पुष्कळ ‘बंद’ गाड्या ‘चालू’ झालेल्या मी पाहिल्या आहेत.

३. किंमत कशी ठरवू? इंटरनेटवर तर वाटेल ते आकडे दिसतात.

तिथे दिसतो तो मागितलेला भाव. व्यवहार कितीला झाला, हे तिथे कुणीच लिहीत नाही. त्यापेक्षा नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांच्या आसपास जे मिस्त्री फक्त तुमच्याच मॉडेलचं काम करतात, त्यांच्यातल्या दोघातिघांना विचारा. गेल्या वर्षभरात त्यांच्या ओळखीत अशी गाडी कितीला गेली, हे त्यांना माहीत असतं.

भाव कशाने ठरतो त्याचा माझ्या अनुभवातला क्रम असा : आधी कागद, मग इंजिन आणि चेसिसचे नंबर पुस्तकाशी (आरसीशी) जुळणं, मग मूळ भाग किती शिल्लक आहेत, मग इंजिनाची तब्येत, आणि सगळ्यात शेवटी चमक. विकणारा नेमका उलट्या क्रमाने विचार करतो. चकचकीत पण पासिंग (नोंदणीची मुदत) संपलेल्या गाडीपेक्षा मळकट पण कागद चोख असलेली गाडी लवकर जाते आणि चांगल्या भावाला जाते.

पार्ट मिळण्यावरही बरंच अवलंबून असतं. जुन्या बुलेटचा बहुतेक प्रत्येक तुकडा आजही मिळतो. राजदूत ३५० चे मूळ पार्ट शोधावे लागतात, म्हणून तिचे मूळ सायलेन्सर, मीटर आणि साइड पॅनेल शाबूत असतील तर त्यांची किंमत वेगळी धरा. इंजिन कितव्या बोअरवर आहे, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून रुंद करून मोठा पिस्टन किती वेळा घातला आहे, हेही माहीत करून घ्या. पिस्टन शेवटच्या ओव्हरसाइझवर पोचला असेल तर पुढच्या वेळी नवी स्लीव्ह बसवावी लागेल, आणि जाणता माणूस तेवढे पैसे वजा करूनच बोलेल.

आजोबांची आठवण, पहिला पगार, लग्नातली वरात यांचं मोल तुम्हाला आहे. घेणारा त्याचे पैसे देत नाही, आणि द्यावेत अशी अपेक्षाही ठेवू नये.

४. विकण्याआधी रंग, क्रोम आणि सीट नवीन करून घेऊ का?

नको. एवढ्या वर्षांत मला सर्वांत जास्त हळहळ याच गोष्टीची वाटली आहे. एका काकांनी त्यांची कारखान्यातून आली तशीच राहिलेली जावा विकण्यापूर्वी हौसेने मेटॅलिक रंगात रंगवली, टाकीवरचे जुने बिल्ले फेकून दिले आणि त्यांच्या जागी स्टिकर लावले. खर्च झाला तो झालाच, भावही खाली आला. नंतर मूळ रंग पुन्हा लावता येतो, पण मग तो मूळ राहत नाही.

बुलेटच्या टाकीवरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, टाकीचे गुडघ्याजवळचे रबर, जुना स्पीडोमीटर, मूळ टूलकिट, मूळ कार्ब्युरेटर हे सगळं आहे तसं ठेवा. काढून ठेवलेले जुने भाग एका डब्यात घालून गाडीबरोबर द्या. ज्याला गाडीची कदर आहे तो आधी हा डबा उघडतो.

खर्च करायचाच तर सुरक्षिततेवर करा : टायर, ब्रेक शू, केबली, फोर्कचं ऑइल, उघड्या पडलेल्या वायरी. बिलं जपून ठेवा. आणि गाडी धुवा, पण इंजिनावर डिझेल मारून ते चकचकीत करू नका. ऑइल गळती लपवली आहे, असाच संशय येतो.

५. कोणकोणते कागद लागतात?

मूळ आरसी, म्हणजे पुस्तक किंवा स्मार्ट कार्ड. चालू विमा. चालू पीयूसी. नमुना २९ (विक्री कळवण्याचा) च्या दोन प्रती आणि नमुना ३० (गाडी नावावर करण्याच्या अर्जाचा). विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पॅन. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. कधी काळी कर्ज काढलं असेल तर बँकेचा बोजा पुस्तकावरून उतरवलेला हवा. कर्ज तीस वर्षांपूर्वी फिटलं, पण नमुना ३५ भरायचाच राहिला, हे जुन्या गाड्यांच्या बाबतीत नेहमीचं आहे. त्या बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर आताच्या बँकेकडून पत्र घ्यावं लागतं आणि त्यात वेळ जातो, म्हणून जाहिरात करण्याआधीच पुस्तकाचं ते पान बघा. वाहतूक पोलिसांची ई-चलनं थकली असतील तर ती भरून टाका. आरसीशी तुमचा आत्ताचा मोबाइल नंबर जोडलेला आहे का तेही पाहा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो.

६. पासिंग संपून बरीच वर्षं झाली. आहे तशीच विकू का?

विकता येते, पण घेणारा कमी भाव देईल आणि पुढचा त्रास तुमच्याही मागे लागू शकेल. खासगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करायचा असतो. वीस वर्षांवरच्या दुचाकीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झालं आहे. उशीर झाला तर दुचाकीला दरमहा ३०० रुपये जादा, म्हणजे वर्षाचे ३,६००. शिवाय १५ वर्षांवरच्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो, त्याची मुदतही पाच वर्षांचीच. एकूण रक्कम पोर्टलवर काढून पाहा आणि मगच ठरवा की स्वतः भरायची की किमतीतून सोडायची.

माझा सल्ला : स्वतः भरा. एकतर नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा आहे, त्यामुळे घेणाऱ्याला ट्रायलही देता येत नाही (प्रश्न ९). दुसरं म्हणजे, पासिंग होऊन आलेली गाडी ‘चालू’ आहे हे निरीक्षकाने पाहिलेलं असतं, आणि त्याहून मोठं प्रशस्तिपत्र जाहिरातीत लिहायला मिळत नाही. ‘पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. तपासणीत पास होते तोवर ती वापरता येते.

७. आमचं पुस्तक हाताने लिहिलेलं आहे आणि नंबर एमएच-१२ च्या आधीचा, तीन अक्षरी. ऑनलाइन काहीच दिसत नाही.

घाबरू नका, गाडी बेकायदा झालेली नाही. राज्याच्या दोन अक्षरांनी सुरू होणारे नंबर १९८९ च्या सुमारास आले. त्याआधीच्या कितीतरी नोंदी संगणकावर चढल्याच नाहीत. मूळ पुस्तक, ओळखपत्र आणि करभरणाच्या जुन्या पावत्या घेऊन जिथे नोंदणी आहे त्या आरटीओत अर्ज करायचा. याला सगळे ‘बॅकलॉग’ म्हणतात. कार्यालय स्वतःचं जुनं रजिस्टर तपासून नोंद चढवतं. पुण्यातली जुनी नोंदणी असेल तर संगम पुलाजवळच्या कार्यालयातच जावं लागेल.

याला किती दिवस लागतील ते आधी सांगता येत नाही, म्हणून हे काम सगळ्यांत आधी हाती घ्या. ही नोंद झाल्याशिवाय ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही : ना पासिंग, ना नंबर प्लेट, ना गाडी नावावर होणं. आणि तो तीन अक्षरी नंबर गाडीबरोबरच राहतो. शौकीन लोक त्यासाठी थोडे जास्त पैसेही मोजतात.

८. जाहिरातीत काय लिहू? फोटो कसे काढू?

साल, मॉडेल, कितवा मालक, पासिंग कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, नंबर जुळतात की नाही, इंजिनाचं काम कधी झालं आणि काय काय बदललेलं आहे. त्याखाली दोष. हो, दोषही लिहा : ‘फोर्कमधून ऑइल झिरपतं, स्पीडोमीटर बंद आहे, टाकीला उजवीकडे पोचा आहे.’ दोष वाचूनही जो फोन करतो, तो घेण्याच्या तयारीने करतो. नाहीतर दहा माणसं येतात, गाडीभोवती फिरतात, पोच्यावर बोट ठेवतात आणि निघून जातात.

फोटो सकाळच्या उन्हात, मोकळ्या जागेत काढा. दोन्ही बाजू, इंजिन जवळून, मीटर, टाकीची आतली बाजू आणि प्रत्येक दोष. थंड गाडी सुरू करतानाचा एक सलग व्हिडिओ सगळ्यात उपयोगी पडतो. पुस्तकाचा फोटो मात्र सगळ्यांना पाठवू नका. चेसिस नंबर आणि पत्ता झाका. मूळ कागद समोरासमोर दाखवा.

९. अनोळखी माणसाला ट्रायल द्यावी का?

द्यावी, पण आधी त्याचं लायसन्स बघून, त्याचा फोटो घेऊन आणि त्याची स्वतःची गाडी किल्लीसकट तुमच्याकडे ठेवून. तो रिक्षाने आला असेल तर तुम्ही मागे बसा. ट्रायलला म्हणून गेलेली गाडी परत आलीच नाही, असं पुण्यात घडलेलं आहे. विमा आणि पासिंग चालू नसेल तर रस्त्यावर ट्रायल देऊ नका, आवारातच सुरू करून दाखवा.

आणखी एक गोष्ट कायद्यातली नाही, पण हाडं वाचवणारी आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. आजच्या गाड्यांवर शिकलेला मुलगा गडबडीत उजवा पाय दाबतो, ब्रेक लागण्याऐवजी पुढचा गिअर पडतो आणि गाडी समोरच्या रिक्षात जाते. जावा-येझदीला किक आणि गिअरचा दांडा एकच. तो आत दाबून उभा करून किक मारायची असते, हे नव्या माणसाला ठाऊक नसतं. पाच मिनिटं उभं राहून दाखवा. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी ट्रायल नको. सकाळी सातला, मोकळा रस्ता बघून द्या.

इंजिन मात्र आधी गरम करून ठेवू नका. जाणता घेणारा आल्या आल्या सिलिंडरला हात लावून बघतो.

१०. पैसे कसे घ्यावेत?

बँकेतून. टोकन घेतलंत तर किती, कशासाठी, किती दिवसांत बाकी द्यायचे आणि व्यवहार मोडला तर टोकनचं काय, हे चार ओळींत लिहून दोघांनी सही करा. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली आहे, हे स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहिल्याशिवाय किल्ली देऊ नका. घेणाऱ्याने दाखवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही.

गाडी न बघताच ‘लगेच घेतो, मी सैन्यात आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा’ असं म्हणणारा फोन आला तर ठेवून द्या. पैसे मिळवण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवा. वेळ गेला की पैसे पुढे सरकतात.

११. घेणारा म्हणतो, ‘तुम्ही फक्त सह्या करून द्या, नावावर मी सावकाश करतो.’ चालेल का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मी माझी येझदी रोडकिंग अशीच दिली होती. ओळखीच्याच्या ओळखीचा मुलगा, बोलायला गोड. मी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, विषय संपला असं धरलं. दोन वर्षांनी एका तालुक्याच्या पोलिस ठाण्यातून फोन आला : तुमच्या गाडीने एका सायकलस्वाराला उडवलं आहे. तोवर गाडी आणखी दोघांच्या हातून गेली होती आणि पुस्तकावर नाव अजून माझंच होतं. विमाही संपलेला. सायकलवाले गृहस्थ वाचले, म्हणून पुढचं निभावलं. त्या काळात घरच्यांना जो ताप झाला, तो मी विसरलेलो नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी प्रत्यक्षात कुणालाही विकलेली असो, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच नुकसानभरपाईच्या दृष्टीने मालक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करायचा. म्हणजे कळवण्याची जबाबदारी तुमचीही आहे.

म्हणून फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नका. अर्ज दोघांनी मिळून, त्याच दिवशी भरा. शुल्काची पावती हाती आली की मग गाडी द्या.   गाडी देताना ताबापावती करा : तारीख, वेळ, किलोमीटर, ‘या क्षणापासून गाडीची जबाबदारी घेणाऱ्याची’. ती पाचशेच्या स्टॅम्पवर असली तर उत्तम. पण ती पावती तुमच्या दोघांमधली आहे. अपघातात जखमी झालेल्या तिसऱ्या माणसासमोर ती ढाल होत नाही. नाव बदललं की नाही, ते महिन्याभराने ऑनलाइन पाहाच.

१२. गाडी आजोबांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. मी विकू शकतो का?

आधी ती वारसाच्या नावावर व्हायला हवी. मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा, असा नियम आहे. बहुतेक घरांत दुःखात हे राहूनच जातं, आणि वर्षांनंतरही करता येतं. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि बाकी वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. आत्या आणि काका यांच्या सह्या आधी घ्या. गाडीला गिऱ्हाईक लागल्याचं कळल्यावर त्या मागायला गेलात, तर नात्यात उगाच गाठ पडते.

आजोबांच्या नावाने मागच्या तारखेची सही करून देणारे एजंट भेटतात. ती खोटी सही आहे, आणि ती केल्याचा गुन्हा तुमच्यावर येतो.

१३. पुस्तक हरवलं आहे.

पोलिसांत हरवल्याची तक्रार नोंदवा आणि तिच्या प्रतीसह नमुना २६ मध्ये दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. नोंद ऑनलाइन नसेल तर आधी प्रश्न ७. जुना विमा, जुनी पीयूसी, कराची पावती, असा जो कागद सापडेल तो जोडा.

१४. इंजिन मधे कधीतरी बदललं आहे, नंबर पुस्तकाशी जुळत नाही. काय करू?

सत्तर-ऐंशीच्या दशकात इंजिनाची केस (नंबर कोरलेलं बाहेरचं कवच) फुटली की मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारातून दुसरी आणून बसवायचे, आणि पुस्तकावर नोंद करायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे. तेव्हा यात तुमच्या वडिलांची लबाडी असेलच असं नाही. पण आज ती गाडी तपासणीला नेली की अडते.

इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आणि पुस्तकावर नोंद लागते. इंजिन घेतल्याची पावती असेल तर काम सोपं. पावती नसेल तर ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही, एवढं तरी पोलिसांकडून तपासून घ्यावं लागतं. मूळ केस घरात कुठे पडली आहे का, ते माळ्यावर शोधा. एका कुटुंबाला ती धान्याच्या कोठीमागे सापडली होती आणि सगळा प्रश्नच मिटला.

नंबर घासून नवा ठोकून देतो, असं कुणी म्हणालं तर त्या गॅरेजमधून गाडी काढून घ्या. असा ठोकलेला नंबर जाणत्याला लगेच ओळखू येतो : अक्षरांचं वळण वेगळं, खोली कमी-जास्त, भोवती घासल्याच्या खुणा. मग खरी असलेली चेसिसही संशयात जाते. नुसत्या गंजामुळे नंबर वाचता येत नसेल तर ती वेगळी बाब. तिथे रॉकेलचं फडकं आणि मऊ ब्रशनेच साफ करा, ग्राइंडर लावू नका.

नंबर जुळत नसताना विकायचीच असेल, तर घेणाऱ्याला हे लेखी सांगा.

१५. जुनी हाताने रंगवलेली पाटी काढून नवी नंबर प्लेट लावलीच पाहिजे का?

हो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी प्लेट लावणं बंधनकारक आहे, आणि ती नसेल तर नाव बदलण्याचं काम अडतं. दुचाकीचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी. जुन्या गाड्यांना पुढची पाटी मडगार्डवर लांबीच्या दिशेने असते, तिच्या जागी नवी बसत नाही. बसवणारा थेट मडगार्डला भोक पाडू लागेल, त्याला थांबवा. फोर्कच्या बोल्टवर लोखंडी पट्टी घेऊन त्यावर प्लेट लावता येते. जुनी पाटी प्रश्न ४ मधल्या डब्यात ठेवा.

१६. गाडी पन्नाशी पार आहे. व्हिंटेज नोंदणी करून विकली तर जास्त भाव येईल?

घाई करू नका. नव्या व्हिंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुढच्या वेळी ५,००० रुपये आणि पाच वर्षं. त्या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

नेहमीची नोंदणी जिवंत असेल तर ती तशीच चालू ठेवून विका. रोज बसून फिरता येणारी जुनी गाडी हवी असणारे पुष्कळ आहेत, त्यांना तुम्ही उगाच मुकाल. संग्रहासाठी घेणारा ही नोंदणी नंतर स्वतः करू शकतो.

१७. घेणारा कर्नाटकातला आहे. दिल्लीहूनही एकाने विचारलं आहे.

राज्याबाहेर विकताना नमुना २८ मध्ये आरटीओची एनओसी घ्यावी लागते, आणि गाडीवर गुन्हा नोंद नाही याची खातरजमा होते. कळवण्याची मुदत इथे ४५ दिवस. एनओसी घेणाऱ्याच्या आरटीओच्या नावाने निघते. तिथे नोंद होईपर्यंत तुम्ही मोकळे झालात असं धरू नका, नव्या नोंदणीची प्रत मागून घ्या. दिल्ली आणि आसपासच्या भागात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, तेव्हा तिथल्या माणसाला आधी त्याच्या आरटीओत चौकशी करून यायला सांगा.

१८. विमा त्याच्या नावावर कसा होतो?

घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा. तुमचा नो क्लेम बोनस तुमच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर जात नाही. विमा संपत आला असेल तर निदान थर्ड पार्टी भरून मगच गाडी द्या. प्रश्न ११ मधली गोष्ट आठवा.

१९. गॅरेजवाला म्हणतो, माझ्याकडे ठेवा, मी विकून देतो.

माणूस वर्षानुवर्षांचा ओळखीचा असेल तर ठेवायला हरकत नाही. गाडी ठेवल्याची पावती घ्या : किलोमीटर, टाकी-मीटर-कार्ब्युरेटरचे फोटो, कमिशन किती, किती दिवस. मूळ पुस्तक आणि सह्या केलेले फॉर्म त्याच्याकडे देऊ नका. सहा महिने ठेवलेल्या गाडीचा मूळ कार्ब्युरेटर जाऊन साधा बसलेला मी पाहिला आहे, आणि फोटो नसल्यामुळे मालकाला काही बोलता आलं नाही.

२०. गाडी विकून दोन महिने झाले. घेणारा म्हणतो इंजिन जाम झालं, पैसे परत द्या.

आधी शांतपणे विचारा, टाकीत ऑइल घालत होतास का? येझदी-जावाला पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक ऑइल मिसळावं लागतं, लिटरमागे साधारण ३० ते ४० मिली. आरएक्स १०० ला ऑइलची टाकी वेगळी असते, तिथे पंप आपोआप पुरवतो. आरएक्स चालवलेला मुलगा येझदी घेतो, नुसतं पेट्रोल भरतो आणि मुंबईच्या वाटेवर पिस्टन चिकटतो. गाडी देताना हे तोंडी सांगितलं जातं आणि विसरलं जातं. म्हणून मी एका कागदावर लिहून देतो : कोणतं ऑइल, किती, पॉइंटची गॅप किती, प्लग कोणता, थंड असताना चोक कसा लावायचा, कोणत्या मिस्त्रीचा हात बसलेला आहे. तो कागद ताबापावतीला जोडायचा आणि त्याची सही घ्यायची.

‘आहे त्या स्थितीत, पाहून व ट्रायल घेऊन घेतली’ असं पावतीत लिहिलेलं असेल आणि तुम्हाला माहीत असलेले दोष सांगितलेले असतील, तर पैसे परत देण्याचं तुमच्यावर बंधन नाही. एखादा दोष माहीत असून लपवला असेल, तर मात्र त्याचा खर्च उचला. दोष तुमचा नसला तरी फोन उचला आणि त्याला चांगल्या मिस्त्रीकडे पाठवा. चिकटलेला पिस्टन बहुतेक वेळा बोअर करून पुढच्या साइझवर नीट होतो, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर येते.